चोच्याची एकशिपी

जॉबकार्डाच्या मागे मी पेनाने लिहून ठेवलंय, "रवि. रात्री ११.४०, १३८." पुढच्या बाजूला ठाकुर्लीच्या एका गिऱ्हाइकाच्या दीड टनी स्प्लिटचं प्रेशर आणि "कॅपॅसिटर बदलला" असा शेरा. ते १३८ म्हणजे एका माशाने एका मिनिटात किती वेळा कल्ले हलवले तो आकडा. अर्धा मिनिट मोजायचं आणि दुप्पट करायचं. तीनदा मोजलं, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

मी एसी आणि चिलर (पाणी थंड करायची मशीन) दुरुस्त करतो, डोंबिवली पूर्वेला राहतो. खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली तीही धंद्यातूनच. २०१९ मध्ये पवईच्या एका साहेबांचा चिलर रिपेअर करायला गेलो होतो. ते महिन्याभरात परदेशी निघालेले, टाकी कुणी घेईना. शेवटी बिलाच्या पैशांऐवजी चार फुटी टाकी, सम्प (फिल्टरची खालची टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), सिरॅमिकचे दगड आणि तोच चिलर, असं सगळं टेम्पोत भरून दिलं. बायको दारात उभी. "बिलाचे किती मिळाले?" एवढंच तिने विचारलं. टेम्पोचं भाडंही मीच दिलं होतं, ते तिला सांगितलं नाही.

टाकीत कोरल नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. कुणी पिशवीत घालून विकत असला तरी मी त्या भानगडीत पडत नाही. माझ्याकडे मासे, दोन क्लीनर कोळंब्या, गोगलगाई आणि दगड.

त्या दगडांबरोबर एक गोष्ट फुकट आली, एप्टेशिया. बोटाच्या पेराएवढं, नारळाच्या झाडासारखं दिसणारं तपकिरी फूल. फूल कसलं, प्राणीच तो. खरवडायला जावं तर प्रत्येक तुकड्याचं नवीन झाड उगवतं. बघता बघता दगडांवर नारळाची वाडी झाली. यावर उपाय म्हणून जो तो एकच नाव सांगतो, कॉपरबँड बटरफ्लाय. पांढरं अंग, त्यावर तांबूस केशरी उभे पट्टे, चिमट्यासारखी लांब चोच. पाठीच्या परावर मागे एक काळा ठिपका असतो, शत्रूला वाटावं की डोळा इकडे आहे. खऱ्या डोळ्यावरून पट्टा गेलेला, त्यामुळे तो लपून जातो. फटीफटीतून किडे टिपून खायचे हा याचा धंदा, आणि नशीब असेल तर एप्टेशियाही खातो. "नशीब असेल तर" हे शब्द मी तेव्हा ऐकले नव्हते.

तर मे महिना, रविवार. एसीवाल्याने मे महिन्यात सुट्टी घेणं म्हणजे शेतकऱ्याने पेरणीच्या दिवशी लग्नाला जाणं. पण क्रॉफर्ड मार्केटमधून फोन आला होता की माल आलाय. गेलो. दुकानात तो एका कोपऱ्यात गप्प उभा होता. खातो का विचारलं. "सगळं खातो." मी खाऊन दाखव म्हणालो नाही, ही माझी पहिली चूक. दुकानातलं पाणी किती खारट आहे ते विचारलं नाही, ही दुसरी. अडीच हजार दिले, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवली आणि सीएसएमटीला आलो, तर मेगाब्लॉक. तिसरी चूक मध्य रेल्वेच्या वेळापत्रकाची आहे, पण रविवारी मेगाब्लॉक असतो हे डोंबिवलीच्या माणसाला कुणी सांगायला हवं का? लगेजच्या डब्यात डबा मांडीवर घेऊन बसलो. घरी पोचेपर्यंत तीन तास झाले होते. पिशवीतलं पाणी ३१ डिग्री, टाकीतलं २६.

आता इथे दोन गोष्टी कळायला हव्या होत्या. मला दोन्ही नंतर कळल्या.

पहिली पिशवीची. मासा पिशवीत श्वास सोडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली जातो. त्याच पाण्यात त्याची घाणही साठते, अमोनिया. पीएच खाली असेपर्यंत हा अमोनिया बहुतेक अमोनियमच्या रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. पण पिशवी उघडली की गॅस उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया होऊन कल्ल्यांना भाजून काढतं. म्हणून लांबून आलेला मासा उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी सोडत ठेवायचा नसतो. मी नेमकं तेच केलं होतं, वर स्वतःच्या धीराचं कौतुकही वाटलं होतं.

दुसरी मिठाची. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी समुद्राच्या साधारण एक तृतीयांशच खारट असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. समुद्रात राहून हा प्राणी कायमचा तहानलेला. तो समुद्र पितो, आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकत बसतात. हा पंप चोवीस तास चालू. आणि गंमत अशी की श्वासही त्याच कल्ल्यांनी घ्यायचा. कंडेन्सरच्या फिन्स जशा पातळ आणि पसरलेल्या असतात तसे कल्ले. हवा जास्त पाहिजे म्हणून तो जितका जोरात धापा टाकतो तितकं अंगातलं पाणीही जास्त गळतं. म्हणजे घाबरलेला मासा भर पाण्यात सुकत जातो.

दुकानदार मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून पाणी फिकं ठेवतात. पिशवीच्या तळाशी उरलेल्या पाण्याचा एक थेंब मी दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला. (हे यंत्र माझ्याकडे चिलरमधलं ग्लायकॉल तपासायला होतं, माशांसाठी मग वेगळं घेतलं.) आकडा आला १.०१९, म्हणजे गोड्या पाण्याच्या किती पट जड तो. जितका जास्त तितकं खारट. माझी टाकी १.०२५. फिक्या पाण्यातून एकदम खारट पाण्यात, तेही भाजलेल्या कल्ल्यांनिशी.

टाकीत सोडल्यावर पाच मिनिटांत डॅमसेलने त्याला गाठलं. तीन काळ्या पट्ट्यांचा हा मासा सुपारीपेक्षा थोडा मोठा, दीडशे रुपयांचा, आणि स्वतःला टाकीचा मालक समजणारा. कॉपरबँड त्याच्या तिप्पट. पण तो पळत सुटला आणि रिटर्न पाइपच्या मागे काचेला चिकटून उभा राहिला. तिथे मोजले ते १३८.

यानंतरचे तीन दिवस मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणतात माझ्या धंद्यात. सोमवारी पहाटे जाळी घेऊन त्याला मोकळ्या जागेत आणायचा प्रयत्न केला. पाठीचे काटे जाळीत अडकले, सोडवताना अंगावरचा बुळबुळीत थर एका बाजूने निघाला. तो थर म्हणजे त्याची कातडीवरची कातडी, जंतू अडवणारी. सोमवारी रात्री दगड हलवले, त्याला लपायला जागा व्हावी म्हणून. दगडांखालची वाळू ढवळली गेली, पाणी गढूळ झालं. मंगळवारी अमोनियाच्या टेस्टचा रंग पिवळ्यावरून पोपटीकडे सरकलेला, म्हणजे अमोनिया वाढलेला. मग निम्मं पाणी बदललं. बुधवारी पहाटे लसूण चोळलेली कोळंबी काडीला लावून त्याच्या तोंडासमोर धरली. तो काडीपासून पळाला, डॅमसेलने कोळंबी खाल्ली. मुलीला मे महिन्याची सुट्टी. ती दुपारी मोजायची आणि मला साइटवर मेसेज करायची, "१४० बाबा." माशाचं नाव चोच्या तिनेच ठेवलं. नाव ठेवल्यावर तो मेला तर काय, ही धास्ती मला वाढली.

बुधवारी रात्री परजीवी मारायच्या तांब्याच्या औषधाची बाटली उघडून टाकीसमोर उभा राहिलो आणि ओतायच्या आधी, देवाची कृपा म्हणायची, मुलुंडच्या काकांना फोन लावला. काका निवृत्त केमिस्ट्रीचे मास्तर, तीस वर्षं खाऱ्या पाण्याचे मासे पाळतायत. दर मार्चला त्यांचा चिलर मी सर्व्हिस करतो.

"अंगावर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके आहेत?"

"नाहीत."

"पिठूळ, सोनेरी थर?"

"नाही काका."

"मग तांबं कसल्या रोगाला देतोयस? टाकीत कोळंब्या आहेत, गोगलगाई आहेत, त्या मरतील. दगड तांबं पिऊन बसतील. तू कुणाच्या घरी जातोस, एसी थंड करत नाही म्हणतात, तेव्हा गेल्या गेल्या गॅस भरतोस का?"

"नाही. आधी पाइपला हात लावून बघतो. फिल्टर बघतो."

"आणि काही वेळा?"

काही वेळा काहीच करत नाही. मशीन बंद करून अर्धा तास बर्फ वितळू देतो. हे त्यांना मीच एकदा सांगितलं होतं, त्यांच्याच घरी, चहा पिताना. फोनवर मी गप्प बसलो.

"त्याला वेगळं काढ," काका म्हणाले, "जाळी न लावता. आणि मग हात बाहेर ठेव. तुझा हात हा त्याच्या दृष्टीने डॅमसेलपेक्षा मोठा डॅमसेल आहे."

रात्री साडेबारा वाजता, दिवे बंद करून, पासेजच्या उजेडात, मी पाच लिटरचा पारदर्शक डबा पाण्यात आडवा धरला आणि हलवलाच नाही. चोच्या झोपेत असल्यासारखा कोपऱ्यात तरंगत होता. दहा मिनिटांनी प्रवाहाबरोबर तो आपणहून डब्यात आला. तिथे पाण्यासकट उचलला.

वेगळी टाकी अडीच फुटी, सत्तर लिटर पाण्याची, कधीची माळ्यावर होती. तळाला वाळू नाही, काही नाही. स्पंज फिल्टर मात्र मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये चार महिने भिजत होता. त्यात अमोनिया खाणारे जिवाणू राहायला आलेले असतात, नवीन कोरडा स्पंज लावून उपयोग नसतो. लपायला तीन इंची पीव्हीसीचे दोन एल्बो (पाइपचे वाकडे जोड), सोल्यूशन न लावलेले. तिन्ही बाजूंनी काचेला काळं नायट्राइल इन्सुलेशन चिकटवलं, एसीच्या कॉपर पाइपला लावतो तेच, शीटमधलं. समोर चादर. पाणी १.०२० वर ठेवलं, काका म्हणाले खाली यायला माशाला जड जात नाही, वर चढायला जड जातं. तिथून रोज एक पॉइंट, म्हणजे १.०२१, १.०२२ असं, आणि एखाद्या दिवशी तो दमलेला दिसला तर त्या दिवशी नाहीच.

प्रश्न उरला गरमीचा. बेडरूममध्ये ३२ डिग्री. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, खाऱ्यात आणखी कमी. २५ डिग्रीला गोड्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. त्यावर आणखी सहा-सात डिग्री चढवा. धापा टाकणाऱ्या माशाला हे परवडणारं नव्हतं आणि माझ्याकडे दुसरा चिलर नव्हता.

इथे एक कबुली. लग्नाला सोळा वर्षं झाली, शेकडो घरांत मी एसी लावले, आमच्या घरात एसी नव्हता. दिव्याखाली अंधार. दर उन्हाळ्यात "पुढच्या सीझनला नक्की" असं म्हणायचो. गुरुवारी रात्री दहाला शेवटचा कॉल संपवून मी गोडाउनमधला जुना एक टनी विंडो उचलला आणि साडेअकरापर्यंत बेडरूमच्या खिडकीत बसवला. २६ वर सेट केला. बायको पदराने वारा घेत दारात उभी राहून बघत होती.

"म्हणजे सोळा वर्षं मी धापा टाकायला पाहिजे होत्या," ती म्हणाली.

मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर नसतंच.

एसीमुळे पाणी २६ वर आलं, पण शुक्रवारी रात्री वेगळंच दिसलं. चोच्या एल्बोमध्ये शांत असायचा आणि दर काही मिनिटांनी दचकून बाहेर उसळायचा, काचेवर आपटायचा, परत आत. मी मागे जमिनीवर बसून होतो, काही केल्या कारण कळेना. मग काचेवर तळहात ठेवला. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि हातात जाणवला एक धक्का, मग बारीक थरथर. आपल्याला ऐकू येतो तो घर्र आवाज, त्याला तो सगळ्या अंगाने लागत होता. माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, पाण्यातली हालचाल कळण्यासाठी, आणि मी त्याच्या खोलीच्या भिंतीत मोटर बसवली होती. हे मात्र माझ्या हातचं काम. विंडो बाहेर ओढून खाली रबराचे पॅड घातले, चौकटीच्या फटीत तेच नायट्राइल कोंबलं, टाकीखाली थर्माकोलचं शीट सरकवलं. परत तळहात ठेवला. कॉम्प्रेसर सुरू झालेला कानाला कळला, हाताला नाही. शनिवारी सकाळी मुलीने मोजलं, ११८.

त्याच आठवड्यात संध्याकाळी दोन तास लाइट गेली. बॅटरीवरचा एअर पंप आपोआप सुरू झाला, त्यामुळे काही बिघडलं नाही. तो पंप मी घेतला १२ ऑक्टोबर २०२० नंतर. त्या दिवशी सकाळी सगळ्या मुंबई-ठाण्याची वीज गेली होती, आमच्याकडे कित्येक तास आली नाही. लॉकडाउनचे दिवस, दुकानं धड उघडी नाहीत, मी आणि मुलगी आळीपाळीने मगाने पाणी उंचावरून ओतत होतो. तेव्हाचा एक फॉक्सफेस मासा गेला. त्याचं वाईट वाटतं अजून.

श्वास खाली आला, पण चोच्या खात नव्हता. रविवारपासून आठवडा झाला, आणि त्याआधी पकडल्यापासून दुकानापर्यंत किती दिवस उपाशी होता कोण जाणे. फ्रोजन मायसिस, आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), बारीक चिरलेली कोळंबी, कशाकडे बघेना. पोटाच्या वरची बाजू आत गेली होती, कपाळामागे मांस उतरून खाच दिसायला लागलेली. काकांना फोटो पाठवला. त्यांचा एका शब्दाचा मेसेज आला: "तिसऱ्या." म्हणजे खायच्या शिंपल्या.

रविवारी सकाळी मासळी बाजारात गेलो. आमच्या नेहमीच्या कोळीण मावशींपुढे तिसऱ्यांचे वाटे लावलेले.

"मावशी, दोन द्या."

"दोन वाटे?"

"दोन तिसऱ्या."

मावशींनी कोयता खाली ठेवला. "दोन तिसऱ्यांनी कुनाचं पोट भरतंय रे बाबा?"

"मासा आजारी आहे. त्याला खायला."

शेजारची बाई हसायला लागली. "माशाला मासली!" मावशी हसल्या नाहीत. "कुठला मासा?" मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून नीट बघितला, चोच बघितली. "ह्यो टोचून खानारा. जित्या घे, तोंड मिटलेल्या. उघड्या असतील त्या टाक." दोन सुट्या त्यांनी दिल्याच नाहीत, अख्खा वाटा घ्यावा लागला.

उरलेल्या तिसऱ्या कुठे गेल्या ते सांगायला नको. बायको मालवणकडची. तिसऱ्या उघडून ज्या शिंपल्यात मांस चिकटलेलं आहे ती अर्धीच ठेवायची, ओलं खोबरं घालून करायची, त्याला एकशिपी म्हणतात. ती विळीवर (माहेरी आडाळो) एकेक तिसरी धरून सटासट दोन भाग करत होती. मी काकांनी सांगितलं तसं चाकूने धडपडत होतो. तिने माझ्या हातातली तिसरी घेतली, विळीवर उघडली, अर्धी मला दिली. "काय सांगितलंय तुमच्या काकांनी?" "एका शिंपल्यात मांस राहू द्यायचं आणि तसंच टाकीत ठेवायचं." "म्हणजे एकशिपीच की. खोबरं नको असेल त्याला."

नळाच्या पाण्याने न धुता मिठाच्या पाण्याने खळबळून ती अर्धी तिसरी मी एल्बोच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवली आणि चादर सोडली. दोन तासांनी काढून टाकली, तशीच. या मांसाने पाणी लवकर नासतं, ठेवून द्यायचं नाही. संध्याकाळी दुसरी, तीही तशीच. बाकीच्या दहा-बारा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, जिवंत. सोमवारी तेच. मी हात फक्त ठेवायला आणि काढायला आत घालत होतो, आणि दिवसभर कळवा ते बदलापूर कॉल होते म्हणून तेवढंच जमत होतं. सीझन नसता तर मी पुन्हा काहीतरी दुरुस्त करत बसलो असतो, मला माझी खात्री आहे.

मंगळवारी रात्री पावणेदहा. मंगळवारी आमच्याकडे शाकाहार, तिसरी फक्त चोच्याला. चादरीची कड बोटभर वर करून मी जमिनीवर पालथा पडलो होतो. तिसरी ठेवून वीस मिनिटं झाली होती. मांसाची कड स्पंजच्या बुडबुड्यांनी हलत होती, हलकीशी, जिवंत असल्यासारखी. आधी एल्बोच्या अंधारातून चोच बाहेर आली. मग थांबली. मग एक डोळा, पट्ट्याखालचा. तो तिरका होऊन शिंपल्याकडे बघत राहिला, एका डोळ्याने, मग वळून दुसऱ्या डोळ्याने. पुढे आला, मागे गेला. असं चार-पाचदा. मग एकदम खाली झुकून त्याने मांसाची कड चिमटीत धरली आणि मान झटकली. काहीच तुटलं नाही. तो घाबरून एल्बोत परत. मी श्वास रोखून धरलेला, माझे कुणी मोजले असते तर शून्य आले असते. दोन मिनिटांनी पुन्हा आला, पुन्हा धरलं, या वेळी झटका देताना सगळं अंग वापरलं, आणि एक पांढरा धागा सुटून चोचीत गेला. चोच दोनदा उघडमीट झाली. धागा दिसेनासा झाला.

मी ओरडलो नाही. पालथा सरकत मागे आलो आणि बाहेर जाऊन दोघींना उठवलं. कार्डावर त्या रात्रीचा आकडा नाही, मोजायचं राहूनच गेलं. बुधवारचा आहे, ९४.

पुढचं भराभर सांगतो, कारण चांगलं चाललं की सांगण्यासारखं कमी असतं. दहा दिवस रोज दोन तिसऱ्या. मग रिकाम्या शिंपल्यात थोडी तिसरी, थोडी मायसिस असं कालवून चेपायचं. मग तिसरी कमी, मायसिस जास्त. चौथ्या आठवड्यात तो तरंगती मायसिस टिपायला लागला. पाणी तोवर १.०२५ वर आलं होतं. एसीने हवा कोरडी होते, पाणी पटापट उडायचं, त्याची भर गोड्या पाण्याने न घालता मिठाच्या पाण्याने घालत गेलो, बराचसा चढ त्यातच झाला. मध्ये एकदा तो पाइपला अंग घासताना दिसला, तेव्हा कल्ल्यांतल्या किड्यांसाठी काकांच्या देखरेखीखाली प्राझीक्वांटेल दिलं. या वेळी रोगाचा अंदाज आधी आणि औषध मागून. पाचव्या आठवड्यात आकडा ७६ ते ८० मध्ये स्थिरावला.

मोठ्या टाकीतला डॅमसेल पकडला तो बाटलीने. लिटरची पाण्याची बाटली गळ्यापाशी कापायची, गळा उलटा करून आत बसवायचा, आत कोळंबीचा तुकडा. अर्ध्या तासात मालक आत. त्याला काकांकडे पोचवला, तिथे त्याच्याहून मोठे मालक आहेत. चोच्याला आधी मोठ्या टाकीतच भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात तीन दिवस ठेवला, बाकीच्यांनी बघून घ्यावं म्हणून, आणि चौथ्या रात्री दिवे गेल्यावर झाकण काढलं. सकाळी तो दगडांमधून फिरत होता, फटीफटीत चोच घालत.

मी स्टूल घेऊन समोर बसलो. अडीच हजाराचा मासा, पाच आठवडे, एक विंडो एसी. आता एप्टेशिया खाणार. तो पहिल्या झाडापाशी आला. तिरका झाला. एका डोळ्याने बघितलं, दुसऱ्या डोळ्याने बघितलं. पुढे गेला. दुसऱ्याशीही तसंच. आज दहा महिने झाले, त्याने एकाही एप्टेशियाला चोच लावलेली नाही. काका म्हणाले, रोज एकशिपी मिळणाऱ्याने झाडपाला का खावा.

मग मीच पानवाल्याकडून साधा चुना आणायला लागलो. घट्ट कालवायचा, सिरिंजमध्ये भरायचा, पंप बंद करून एकेका एप्टेशियाच्या तोंडावर सोडायचा, एका वेळी चार-पाचच, नाहीतर पीएच उडतो. रविवारी सकाळी माझा हा कार्यक्रम चालू असतो आणि चोच्या माझ्या कोपराशी येऊन उभा राहतो. हाताला घाबरत नाही आता. त्याला वाटतं तिसरी आली.

बायको एसीत बसून बघत असते. परवा म्हणाली, "तुम्ही कुणाला चुना लावताय ते दिसतंय. तुम्हाला कुणी लावलाय ते पण दिसतंय."

मावशी अजून सुट्या तिसऱ्या देत नाहीत. वाटाच घ्यावा लागतो.